शिशाचं सील

इटलीतल्या मोदेनाबाहेरच्या त्या कारखान्यात एर्मेस बेर्गोंझिनी एकतीस वर्षं शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं जोडत होता. पूर्वी जोडणीला बारा माणसं होती. मग खर्च कमी करायचा म्हणून नियम आला: एका गाडीला वर्षभरात तीनच इंजिनं, आणि प्रत्येकाला तार ओवून शिशाचं सील. परवानगीशिवाय सील तोडलं की इंजिन बाद. इंजिनाची किंमत तसूभरही उतरली नाही; माणसं मात्र चार उरली. आजारापेक्षा औषध जालीम, दुसरं काय!

जूनमध्ये एर्मेस निवृत्त होणार होता. सात नंबरचं इंजिन त्याच्या हातचं शेवटचं. ते आपलं आयुष्य पुरं करून परत यावं, एवढीच त्याची इच्छा होती.

बुधवारी, दोन शर्यतींनंतर, ते इंजिन मंद गतीवर चालवून बघत होते. एर्मेसने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक झाकणाला टेकवलं आणि मूठ कानाशी धरली.

"तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट बडबडतोय," तो म्हणाला. झडप उघडणारा तो छोटा भाग आत खडखडत होता.

त्याचा साहेब झानासी, वयाने वीस वर्षांनी लहान, पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "इथे तर सगळं ठीक दिसतंय."

"पडद्याला कान आहेत का, इंजिनियरसाहेब? सील काढायची परवानगी मागा. दोन तासांचं काम आहे."

"शर्यतीत इंजिनं देणाऱ्या बाकीच्या तिन्ही कारखान्यांनी हो म्हणायला हवं. ते म्हणणार, दुरुस्तीच्या नावाखाली ताकद वाढवताय."

"मागून तरी बघा."

"सोमवारी चारही कारखान्यांची इंजिनांच्या किमतीवर बैठक आहे, एर्मेस. आत्ता मागितलं तर बदल्यात ते काहीतरी उकळतील."

"इकडे जीव चाललाय, आणि तिकडे तुमचं मानपान."

पक्कड त्याच्या खिशातच होती. तारेला नुसतं चिमटायचा अवकाश. त्याने हात खिशात घातला आणि तसाच बाहेर काढला. भयंकर चीड आली त्याला, जास्त करून स्वतःची.

रविवारी बायको लोरेत्ताने तालियातेल्ले पास्ता वाढला, तेव्हा टीव्हीवर शर्यतीची एकेचाळिसावी फेरी चालू होती. सात नंबरचं इंजिन बसवलेल्या गाडीतून पांढरा धूर निघाला.

"जेव आधी," लोरेत्ता म्हणाली. "तुला बुधवारीच कळलं होतं ना?"

"मला कळून काय उपयोग?"

मंगळवारी इंजिन परत आलं. सोमवारच्या बैठकीत किमतीवर एकमत झालं नव्हतं; पुढच्या वर्षी तीनऐवजी दोनच इंजिनं, एवढं मात्र ठरलं होतं.

"उघडा आता," झानासी म्हणाला. "मेलेल्याला कोणाची परवानगी लागत नाही."

बैल गेला आणि झोपा केला. एर्मेसने सील कापलं. तिसऱ्या सिलिंडरच्या टॅपेटचे तुकडे त्याने फडक्यावर मांडले.

अहवाल आधीच टाइप झाला होता: 'अचानक बिघाड.' खाली त्याच्या सहीची जागा. त्याने 'अचानक' खोडलं, वर लिहिलं, 'बुधवारी सांगितलं होतं', आणि सही केली.

झानासीने ते दोनदा वाचलं. "हे वर पाठवता येणार नाही, एर्मेस."

दुपारी नवा कागद निघाला. त्यात 'अचानक' होतं. एर्मेसच्या सहीची जागा नव्हती.