तीन दिवस आलेलं उत्तर

आमच्या ऑफिसनं फर्मान काढलं: नेटवर्कची परीक्षा पास होईल तो भोपाळात राहील, बाकीचे जबलपूरला. माझी मुलगी बारावीत. मग काय, सत्तेचाळिसाव्या वर्षी साकेत नगरच्या क्लासात जाऊन बसले. शेजारच्या टेबलावर आमच्याच ऑफिसातले ग्वाल्हेरचे एक गृहस्थ. कूलरचं तोंड कुणाकडे असावं यावरून आमचा दोन वर्षं अबोला, आणि सरांनी नेमके आमचेच राउटर एका वायरीनं जोडले.

राउटरच्या पोटात लूपबॅक नावाचा एक पत्ता असतो, त्याला वायर लागत नाही. माझ्या राउटरनं त्यांच्या लूपबॅकला हाक मारली की उत्तर यायला हवं, एवढाच सराव. माझं पहिल्याच दिवशी आलं. तीन दिवस मी मिरवलं, घरी शिरा केला.

चौथ्या दिवशी सरांनी मधली वायर उपसून हातात धरली आणि आता हाक मारा म्हणाले. मारली. उत्तर आलं. आम्ही दोघांनी फळ्यावरचा एकच पत्ता जसाच्या तसा आपापल्या लूपबॅकला दिला होता. म्हणजे तीन दिवस मीच मला हाका मारत होते आणि मीच ओ देत होते. परीक्षा दुसऱ्या दिवशी. मला रडूच आलं.

सरांनी माझ्या लूपबॅकसाठी नवा पत्ता मोठ्यानं सांगितला, वायर जोडली. आता उत्तर येईना. दुसऱ्याच्या पत्त्याकडे जायचा रस्ता ज्यानं त्यानं आपल्या राउटरच्या यादीत टाकायचा असतो. मी सरांना म्हटलं, त्यांना विचारा, माझ्याकडे यायचा रस्ता त्यांनी टाकला नसणार, माणूसच तसा आहे.

सर वैतागले. "मैडम, मैं डाकिया नहीं हूँ. बगल में बैठे हैं, खुद पूछ लीजिए."

मी विचारलं नाही. गृहस्थांनीच आपला स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"मी तर सरांनी पत्ता सांगितला तेव्हाच टाकलाय. तुम्ही तुमचा चेक करा ना."

खरंच टाकला होता. माझ्या यादीत मात्र त्यांच्याकडे जायचा रस्ताच नव्हता. मुकाट्यानं तो टाकला, हाक मारली, उत्तर आलं. पण आता आलेल्या उत्तरावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

"जरा वायर काढता का?" मी त्यांना म्हटलं.

त्यांनी काढली. उत्तर थांबलं. एखादी गोष्ट बंद पडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"बंद पडलं," मी म्हणाले.

"पडलं," ते म्हणाले, आणि हसत खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली.