माणसांसाठी नसलेली लिफ्ट

माझ्या मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, कोर्टात सगळे 'साठीवाले' म्हणतात. साठी बुद्धी नाठी, त्यातली ती साठी नव्हे. ती तर काकांनी कधीच ओलांडली, आणि ओलांडताना बुद्धी सोबत होती का, यावर मावशीचं मत वेगळं आहे. हे नाव पडलं ते व्याकरणातल्या 'साठी'मुळे. लिफ्टच्या सरकारी नियमात लिहिलं होतं, 'माणसांच्या ने-आणीसाठी असलेल्या प्रत्येक लिफ्टची दरवर्षी तपासणी व्हावी.' एका कापड गिरणीत कामगार बायका मालाच्या लिफ्टमधून वर जायच्या. तपासनीसाने ती लिफ्ट बंद करायला सांगितली. मालकातर्फे तरुण काका उभे राहिले आणि म्हणाले, लिफ्ट आहे मालासाठी. बायका तिच्यात शिरतात, हा बायकांचा प्रश्न, लिफ्टचा नव्हे. न्यायाधीश हसले आणि काका जिंकले. पुढे त्या एका निवाड्यावर काकांनी नाव कमावलं आणि आमचे कान किटवले.

मी त्यांच्याच हाताखाली वकिली शिकले, त्यामुळे त्यांचं शास्त्र मला तोंडपाठ आहे. दोन माणसं भांडतात, न्यायाधीश निवाडा देतो, पुढचा न्यायाधीश तो बघून आपला देतो. असं शेकडो वर्षं चालून चालून जी पायवाट पडते, तो खरा कायदा. नियम म्हणजे सरकारने मध्येच आणून बसवलेला जावई. त्याला खुर्ची द्यायची, मान द्यायचा, पण कपाटाची किल्ली द्यायची नाही. नियमात जेवढे शब्द तेवढाच त्याचा अंमल. काकांचे गुरू असंच मानायचे, गुरूंचे गुरूही. कोणाचं नुकसान झालं तर त्याने दावा लावावा, भरपाई घ्यावी. कोणी पडायच्या आधीच तपासनीस पाठवायचा म्हणजे बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. (काका स्वतः आमच्या घराचे जावई आहेत आणि आजीने त्यांना किल्ली कधीच दिली नाही, हे जाता जाता सांगते.)

काका आणि मावशी राहतात ती इमारत पूर्वी गोदाम होती. आत खोल्या काढल्या, रंग दिला, लिफ्ट मात्र गोदामाचीच राहिली. मावशीचं खालच्या रस्त्यावर शिवणकामाचं दुकान. गुडघे बोलायला लागल्यापासून ती त्याच लिफ्टने खाली-वर करायची. एके दिवशी लिफ्ट सुटली, अर्धा मजला खाली आली आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मिस्त्री येईपर्यंत मावशी आत कापडाच्या गठ्ठ्यावर बसून होती.

"तुला काही लागलं का?" काकांनी विचारलं. आवाजात काळजी होती, पण थोडी आशाही होती.

"नाही."

"हाड वगैरे?"

"नाही हो."

"मग दावा कसला लावणार?" काका हिरमुसले. "नुकसान दाखवावं लागतं. जरा पडली असतीस तर केस भक्कम होती."

"चुकलंच माझं," मावशी म्हणाली. "पुढच्या वेळी नीट पडते."

त्या दिवसापासून तिने लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही. चौथ्या मजल्यावरून रोज जिना उतरणं जमेना, दुकानाला कुलूप लागलं. इमारतीचा मालक दुरुस्तीचं नाव काढेना. "लिफ्ट मालाची आहे," तो म्हणाला. "हवं तर साठीवाल्या साहेबांनाच विचारा." तपासनीसाच्या कचेरीतही तेच. त्या निवाड्यामुळे आमचे हात बांधलेत, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. इतक्या आनंदाने हात बांधून घेतलेला माणूस मी पाहिला नव्हता.

शेवटी काकांनी अर्ज केला, तपासनीसाला ही लिफ्ट तपासायचा हुकूम द्या म्हणून. सुनावणीला मावशी माझा खांदा धरून एकेक पायरी उतरत आली. मालकाच्या वकिलाने काकांचाच निवाडा मोठ्याने वाचून दाखवला, आणि 'बायकांचा प्रश्न' या शब्दांवर मुद्दाम थांबला. काकांचे कान लाल झाले.

न्यायाधीशबाईंना मात्र दया आली असावी. "वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "तो निवाडा गिरणीचा. हे राहतं घर आहे. घराची गोष्ट वेगळी, एवढंच म्हणा, जेवणाच्या सुट्टीनंतर मी हुकूम देते."

बाहेर बाकावर बसताना काका खुशीत होते. जुना निवाडा शाबूत आणि लिफ्टही दुरुस्त. वकिलाला याहून काय हवं?

"आणि गिरणीतल्या बायका?" मावशीने विचारलं. "त्या अजून तसल्याच लिफ्टने वर जातात ना?"

"त्यांचं प्रकरण आज समोर नाही."

"तुमच्या समोर कधी काही नसतंच. अंगावर आलं की दिसतं."

काकांनी पिशवीतून तो जुना निवाडा काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तोंडपाठ असलेला निवाडा त्यांना वाचताना मी पहिल्यांदाच बघत होते.

सुट्टीनंतर ते उभे राहिले. "घर वेगळं आणि गिरणी वेगळी, असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "तो निवाडाच चुकीचा आहे. मीच मिळवला होता. लिफ्ट कशासाठी आहे, हे मालकाच्या मनावर ठरत नाही. रोज तिच्यात कोण चढतं, यावर ठरतं."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "तो निवाडा मला मोडता येत नाही. मोठ्या खंडपीठाकडे पाठवावं लागेल. तिथला निकाल कधी लागेल सांगता येत नाही. तोवर तुमच्या लिफ्टलाही कोणी हात लावणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम झालं की मला रडू येतं. ते मी स्वच्छतागृहात जाऊन उरकलं.

"म्हणजे दुकान बंदच?" इमारतीच्या जिन्याशी मावशीने विचारलं.

"हो."

"अहो, मी नुसतं विचारलं होतं. एवढं कोर्टात जाऊन बरळायला कोणी सांगितलं?" ती कठडा धरून चढू लागली. पहिल्या मजल्यावर दम खायला थांबली तेव्हा काका आडमुठे ठरले, दुसऱ्यावर अर्धवट. तिसऱ्यावर तिने त्यांच्या गुरूंनाही सोडलं नाही. चढताना मात्र तिने त्यांचा हात घट्ट धरला होता. आणि जन्मभर समोरच्याचा शब्द न् शब्द खोडत आलेले काका एकेक पायरी तिला वर घेत म्हणत होते, "मान्य. मान्य. तेही मान्य."