दारातल्या गाण्याला वन्स मोअर

सगळी नाटक कंपनी तिला पफमावशी म्हणायची. पावडरचा पफ कायम कमरेला खोचलेला, बोटं कसल्या ना कसल्या रंगात बरबटलेली. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. तिने राजे रंगवले, भिकारी रंगवले, भुतंसुद्धा रंगवली. एका विनोदी नटाला तिने इतक्या वेळा म्हातारा केला की तो खराच म्हातारा झाला तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. असं ती सांगायची आणि इतरांच्या आधी आपणच हसायची.

पण तिचं नाव झालं ते मारामुळे. मार तिने कुणाला दिला नाही हो, माराचे वळ काढले. कंपनीने नवं नाटक बसवलं, त्यात नायिकेला नवरा मारतो. आणि तेही संगीत नाटक! मालकांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. म्हणाले, गाणी कुठे घालणार, मारता मारता? पण लेखक हट्टाला पेटला, आणि नाटक असं काही चाललं की विचारू नका. हाउसफुल्लचा बोर्ड दारावरून उतरायचं नाव घेईना. वर्तमानपत्रांनी लिहिलं की समाजाचं दुखणं चव्हाट्यावर मांडलं. मोठमोठ्या लोकांनी त्यावर भाषणं केली आणि चहा-बिस्किटं खाऊन ते घरी गेले. नवऱ्याचं काम करणारा नट मुंगी मारणार नाही असला सरळ माणूस. 'लागलं तर सांगा हं,' म्हणून नायिकेच्या मागे मागे फिरायचा. त्याला एकदा बाजारात भाजीवाली टोमॅटोच देईना. 'आधी बायकोशी नीट वाग, मग ये,' म्हणाली. बिचाऱ्याचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

नाटकातलं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं तिसऱ्या अंकातलं. मार खाऊन निघालेली नायिका हातात बॅग घेऊन आईच्या दारात उभी राहते आणि गाते. आई ऐकून घेते, डोळे पुसते, 'तुझं घर ते आता, तिथेच जा' म्हणते आणि दार लावते. दार लागलं रे लागलं की थिएटर दणाणून जायचं. वन्स मोअर! मग पेटीवाला पुन्हा सूर धरायचा, आतली आई पुन्हा दार उघडायची, आणि एकदा परत पाठवलेल्या लेकीला टाळ्यांच्या कडकडाटात पुन्हा परत पाठवायची. एकही प्रयोग त्या वन्स मोअरवाचून सुटला नाही. पफमावशी त्या वेळी आत रंगपटात शेवटच्या प्रवेशासाठी जांभळा आणि पिवळा घोटत बसलेली असायची. चाल तिला तोंडपाठ होती. घरी भांडी घासताना तीच गुणगुणायची.

आता तिची लेक. लहानपणी पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची, म्हणून नावच पडलं भिंगरी. लग्न झालं ते चांगल्या घरी. जावई पंख्यांच्या दुकानाचे मालक, बोलणं कसं मधाळ, सासूला 'आई' शिवाय हाक नाही. सिनेमाचं भारी वेड, दोघं दर आठवड्याला जोडीने जायचे. पफमावशी चारचौघांत त्यांचं कौतुक करताना थकत नसे.

पहिल्या वर्षी भिंगरी एकदा बॅग घेऊन आली होती. मानेखाली वळ होते. पफमावशीने बॅग आत घेतली. पण घर ते केवढं! दोन खोल्या, त्यात मुलगा, सून, त्यांची दोन पोरं, आणि ही स्वतः पॅसेजमध्ये झोपणारी. तिने लेकीला जेवू घातलं, रात्रभर पाठीवरून हात फिरवला, आणि सकाळी समजूत काढून घरी पोचवली. नवा संसार आहे, रागीट असतात माणसं, सांभाळून घे. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली, तेव्हा नेमकी सुनेची आई आजारी म्हणून घरात मुक्कामाला होती. परक्या माणसासमोर शोभा नको. त्या खेपेला समजूत जिन्यातच काढावी लागली. त्यानंतर भिंगरी बॅग घेऊन कधी आली नाही, आणि पफमावशीचा जीव भांड्यात पडला. मिटलं एकदाचं, असं तिने स्वतःला सांगून टाकलं.

मग एक दिवस भिंगरीने तिच्याकडे मेकअपची कांडी मागितली. डाग झाकायची असते ना, ती. नात्यात लग्न आहे म्हणाली. पफमावशीला केवढा आनंद! पोरीने आजवर तिच्या मेकअपच्या पेटीला हात लावला नव्हता. तिने चांगल्यातली, लेकीच्या रंगाला शोभेल अशी कांडी दिली. थोड्याच दिवसांनी भिंगरी दुसरी मागायला आली. मग तिसरी. 'अगं, खातेस की काय कांडी?' पफमावशी थट्टेने म्हणाली. भिंगरी हसली नाही, आणि पफमावशीचंही हसू जागच्या जागी विरलं. एक कांडी किती दिवस पुरते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! कुठल्याही लग्नाला एवढी लागत नाही.

बोलायला हवं होतं तेव्हा. पण आपल्या माणसाशी बोलायचं म्हटलं की जीभ जड होते, हे काय नवं आहे? तिने मूग गिळले आणि तिसरी कांडी लेकीच्या हातावर ठेवली. त्या रात्री तिला झोप कसली येते. पॅसेजमध्ये पडल्या पडल्या तिला एका गृहस्थाची आठवण झाली. कंपनीत ही गोष्ट जो तो सांगायचा. एका प्रयोगानंतर एक चांगला धिप्पाड माणूस रडत रंगपटात आला होता आणि म्हणाला होता, 'आजपासून मी घरात हात उचलणार नाही.' लेखकमहाशय तर प्रत्येक भाषणात हीच गोष्ट सांगायचे. पफमावशीच्या मनाने घेतलं. जे सासूला बोलता येत नाही ते नाटक बोलेल. एवढी माणसं सुधारली, तर आपला जावई काय दगड आहे?

तिने मालकांकडून रविवारच्या दुपारच्या प्रयोगाचे दोन पास मागून घेतले. तिसऱ्या रांगेतले, मधले. जन्मात पहिल्यांदा तिने कंपनीकडे काही मागितलं होतं, त्यामुळे मालकही चक्रावले.

त्या दुपारी नायिकेचा चेहरा तिने असा काही रंगवला की बाई स्वतः आरशात बघून दचकल्या. 'मावशी, आज जरा जास्तच लागलंय हो मला,' म्हणाल्या. नेहमी आत रंग घोटत बसणारी पफमावशी त्या दिवशी विंगेत येऊन उभी राहिली. रंगमंचाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तिला बघायचा होता तिसऱ्या रांगेतला एक चेहरा.

आणि काय सांगू, पहिल्याच अंकात जावयांनी रुमाल काढला. दुसऱ्या अंकात ते हुंदके द्यायला लागले. तिसऱ्या अंकात दारातलं गाणं झालं तेव्हा वन्स मोअरसाठी सगळ्यांच्या आधी जावई उठून उभे राहिले, गालावरून पाणी वाहतंय आणि दोन्ही हातांनी टाळ्या. पफमावशीने विंगेत दोन्ही हात छातीशी धरले. लागलं गं बाई, वर्मी लागलं! तिचेही डोळे भरून आले. जावयांच्या शेजारी लेक काय करत होती, ते पाहायचं तिला सुचलंच नाही.

प्रयोग संपल्यावर दोघं रंगपटात आली. जावयांचे डोळे लालभडक. त्यांनी नायिकेला वाकून नमस्कार केला. मग नवऱ्याचं काम करणाऱ्या त्या गरीब नटाचा दंड धरून म्हणाले, 'तुम्हाला ना, चौकात उभं करून फोडून काढलं पाहिजे! काय काम केलंत हो!' सगळे हसले. 'पण खरं सांगू, नवऱ्याचा राग आला त्याहून जास्त त्या आईचा आला. पोटची पोर दारात उभी, आणि दार लावते? कसल्या या आया!' मग ते सगळ्यांना गोळा करून फोटो काढायला लागले. पफमावशीला कुणी फोटोत बोलावलं नाही, आणि तेच बरं झालं. तिने लेकीला कपड्यांच्या रॅकमागे ओढलं.

'बघितलंस ना?' ती कुजबुजली. 'रडले गं ते. सुधारतील आता. बघ तू.'

भिंगरीने तिच्याकडे बघितलं. 'ते प्रत्येक सिनेमात रडतात, आई,' ती म्हणाली. 'रडतात, नाक पुसतात आणि घरी येतात.'

पफमावशीला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.

'तू ते गाणं ऐकलंस कधी?' भिंगरीने विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच पफमावशीला भीती वाटली. 'दारातलं.'

'अगं, रोज ऐकते की.'

'लोकांनी वन्स मोअर दिला. त्या आईने परत दार उघडलं आणि परत लावलं. माझ्या शेजारची बाई रडत होती. म्हणाली, असं दोनदा कसं करवतं हो आईला? मी तिला काय सांगणार? मीपण दोनदाच आले होते ना.'

रॅकला धरून पफमावशी उभी राहिली. तिने आतापर्यंत तिसऱ्या रांगेत जावयाला शोधलं होतं. स्वतःला कुठे शोधायचं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते गाणं गुणगुणत तिने घरची भांडी घासली होती! तिला स्वतःचीच शिसारी आली.

'चल,' ती म्हणाली. 'आत्ता चल घरी माझ्याबरोबर. नको जाऊस त्यांच्यासोबत.'

भिंगरीच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. लहानपणी हाक मारली की जशी वळायची, तशी ती वळली. 'दादा-वहिनींना काय सांगशील?'

आणि इथे, अहो इथे नुसतं 'खरं ते सांगेन' म्हणायचं होतं! पण जन्मभराची खोड अशी बोलता बोलता सुटते थोडीच? पफमावशी म्हणाली, 'सांगू गं काहीतरी. चार दिवस राहायला आलीये म्हणून.'

'चार दिवस,' भिंगरी म्हणाली. तिने आईच्या गालाला लागलेला जांभळा रंग अंगठ्याने पुसला. बाहेरून जावयांनी हाक मारली आणि ती गेली.

पुढचा प्रयोग मंगळवारी होता. पफमावशी रंगपटात बसून रंग घोटत होती आणि भिंतीपलीकडे दारातलं गाणं सुरू झालं. त्या दिवशी तिने ते ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. दार लागलं, टाळ्या झाल्या, आणि वन्स मोअरची आरोळी उठली तशी ती उठली. हातातली रंगाची ताटली तिने तिथेच ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. शेवटच्या प्रवेशात नायिका त्या दिवशी वळाशिवाय, कोऱ्या चेहऱ्याने मेली. प्रेक्षक तेवढेच रडले म्हणे.

बसमध्ये ती उभ्यानेच मुलाशी फोनवर बोलली. 'बहिणीला घेऊन येतेय. नवरा मारतो तिला. कायमची राहील. तुला नि तुझ्या बायकोला झेपत नसेल तर मी तिला घेऊन दुसरीकडे खोली बघेन.' सगळी बस तिच्याकडे बघत होती. बघू दे म्हणाली मनात. मुलाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'आधी का नाही सांगितलंस गं?' तेवढ्यात तिचा स्टॉप आला.

जावयांच्या घराचं दार सताड उघडं होतं. आत शेजारीपाजारी जमलेले, आणि मध्ये खुर्चीवर जावई ओक्साबोक्शी रडतायत. कुणी पाणी देतंय, कुणी पाठीवर हात ठेवतंय. सकाळी भिंगरी घराची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेली होती. कुठे, कुणालाच ठाऊक नव्हतं. 'आई,' जावयांनी तिचे दोन्ही हात धरले, 'तुम्ही तरी सांगा तिला. मी कुठे कमी पडलो?' शेजारची एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, असा नवरा मिळायला नशीब लागतं.

पफमावशीने हात सोडवून घेतले आणि आतल्या खोलीत जाऊन पाहिलं. भिंगरीने आपले कपडे नेले होते. तेवढंच. आपण एका दिवसाने चुकलो, असं पफमावशी नंतर कंपनीत सगळ्यांना सांगत राहिली. एका दिवसाने नाही, ते तिलाही माहीत होतं.

महिने गेले. नाटक चालूच होतं. जावई अधूनमधून तिच्या घरी यायचे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून रडायचे आणि काही कळलं का म्हणून विचारायचे. पफमावशी त्यांना हाकलायचं ठरवायची आणि चहा टाकायची. सून भांडी आपटायची, तरीही टाकायची. रडणाऱ्या माणसाला ऊठ म्हणणं तिला जमतच नव्हतं.

मग एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

'मी बरी आहे,' भिंगरी म्हणाली. 'काम मिळालंय. राहायला जागा आहे. दोघी-तिघी मिळून राहतो.'

पफमावशीला रडू आवरेना. 'कुठे आहेस बाळा? मी येते. आत्ता येते. नुसतं बघून जाते गं तुला.'



'तुला सांगितलं तर तू त्यांना सांगशील, आई.'

'नाही गं सांगणार! मेले तरी नाही सांगणार!'

'ते तुझ्यासमोर रडतील,' भिंगरी म्हणाली.

पफमावशीने बोलायला तोंड उघडलं. परवाच ते येऊन गेले होते. तासभर बसले होते, नाक लाल झालं होतं, आणि त्यांना दुसरा कप चहा देताना तिला वाटलं होतं, पत्ता ठाऊक असता तर सांगितलाच असता बिचाऱ्याला.  पलीकडे भिंगरी थांबून होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

'नको सांगूस मग,' पफमावशी म्हणाली. 'मला नकोच सांगूस.'