परत येऊ नका

आमच्या घरात "जाते" म्हणायची सोय नव्हती. शेतात निघालेलं माणूससुद्धा उंबऱ्यावरून "येस", म्हणजे येते, असं म्हणूनच बाहेर पडायचं. कोणाच्या तोंडून चुकून "जास" निघालं की माय त्याला परत आत बोलवायची, बसवायची, घोटभर पाणी पाजायची आणि मगच सोडायची.

अक्का, माझी थोरली बहीण, कायम "जास" म्हणायची. ती धडगावला नर्स होती. सुटी मिळाली की घरी कळसाडीला यायची आणि निघताना हटकून हा घोळ. शहाद्याहून सुटणारी जीप आमच्या मायच्या पाण्यासाठी थोडीच थांबणार? पण माय ऐकायची नाही.

"जास म्हनवानं नही, येस म्हन." तिचा जीव धडगावच्या घाटातल्या वळणांत अडकलेला असायचा. अक्का पाणी पीत हसायची आणि जीभच तशी वळली आहे, मी काय करू, म्हणायची.

जीभ वळली होती वॉर्डात. तिथला रिवाज उलटा. बरा होऊन घरी निघालेल्या पेशंटला नर्स कधी "या" म्हणत नाही. "जा, आता परत येऊ नका," असं म्हणते. हाच तिचा आशीर्वाद. अक्काने तो उभ्या नोकरीत इतक्या जणांना दिला होता की "येते" हा शब्द तिला आजाऱ्याचाच वाटायचा.

या आशीर्वादाने एकदा गंमत केली. डोंगरातला एक पावरा आदिवासी बाप पोराला बरं करून घरी नेत होता. अक्काने तिचं ठरलेलं वाक्य म्हटलं, तसा त्याचा चेहराच उतरला. मान खाली घालून निघून गेला. पुढे एका बाजाराच्या दिवशी शिपाई सांगत आला की एक माणूस केव्हाचा फाटकाबाहेर उन्हात उभा आहे, आत ये म्हटलं तरी येत नाही. अक्का बाहेर गेली. हा उभा, हातात आमचुराची पिशवी. म्हणाला, "तूच बोलली ना, परत येऊ नको." अक्का हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. ते आमचूर मायने वर्षभर वरणात घातलं.

मग अक्काच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली, आणि रजा काढून ती मायजवळ राहायला आली. मी शहाद्याला शाळेत शिकवते. रोज संध्याकाळी तिच्याकडे जायचे आणि नुसती बसून राहायचे. मला नुसतं बसता येत नाही. म्हणून वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली. लढाईच्या छावणीत काम करणाऱ्या नर्सांची गोष्ट होती. अक्काचे डोळे थकायचे, म्हणून मी मोठ्याने वाचायचे. माय शेजारी बसून वाती वळायची.

अक्कासारखा वाईट श्रोता मी दुसरा पाहिला नाही. पानापानाला अडवायची. पट्टी कोणी बदलली? हात कुठे धुतले? एवढा कापूस आला कुठून? मायने हातातल्या वातीकडे बघून, आपल्याकडून गेला असेल, म्हटलं. तेव्हा आम्ही तिघी हसलो.

त्या कादंबरीतली मुख्य नर्स तंबूतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शिपायाला "परत या" म्हणते. तिथे अक्का भडकली.

"हाई बाई नर्स शेच नही."

लिहिणाऱ्याने वॉर्डात पाऊल तरी टाकलंय का, असं तिने मला विचारलं, जणू मीच लिहिलं होतं. मी पुस्तकाची बाजू घेतली. माझी ती खोडच आहे. शेवटी तिने पुस्तक मिटायला लावलं, आणि ते कोनाड्यात पडून राहिलं.

थंडीत तिला दम लागू लागला. नंदुरबारच्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथली एक सिस्टर पूर्वी धडगावला अक्काच्या हाताखाली शिकलेली होती. शीर कशी शोधायची ते अक्कानेच तिला शिकवलं होतं, आणि पेशंटला काय म्हणून निरोप द्यायचा, तेही.

घरी सोडायच्या दिवशी अक्का सकाळपासून तयार होती. वेणी घालून, स्वच्छ पातळ नेसून, सारखी दाराकडे बघत होती. कोणाची वाट बघतेस, विचारलं तर जरा लाजलीच. म्हणाली, सगळ्यांना म्हणत आले, आज मला कोणीतरी म्हणेल.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. मी ते अक्कापाशी बोलले नव्हते.

ती मुलगी आली. सलाईनची सुई काढली, गोळ्या समजावून दिल्या. मग अक्काचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "या हं ताई."

म्हटलं आणि तिचं तिलाच कळलं. तोंडावर हात धरून ती बाहेर गेली. अक्काने पदर नीट केला आणि चल म्हणाली.

गाडीत मी त्या पोरीला नको नको ते बोलले. एक वाक्य खोटं बोलता येत नव्हतं का तिला? मला रडू आवरत नव्हतं आणि रागही. प्रकाशा गावाजवळ तापीचा पूल आला, तशी अक्का माझ्याकडे वळली. मग म्हणाली, ते पुस्तक आहे का गं अजून?

घरी आल्यावर मी पुढे वाचू लागले. बरे झालेले शिपाई ट्रकमध्ये बसतात, ट्रक निघतो. तिथे अक्काने हात वर केला.

"त्या बरा व्हईसन घर नही जातस. परत लढाईवर जातस. म्हनीसन ती म्हनस, या. जखमी व्हईसन या, पन या."

थोड्या वेळाने म्हणाली, ती पोरगी चुकली नाही, तिला फोन करून सांग. मी फोन केला. अक्काचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

कादंबरी तिथेच राहिली. शेवटच्या दिवसांत अक्काला श्वास पुरत नव्हता. उशांना टेकून बसायची, हवेच्या एकेका घोटासाठी झगडायची, आणि माय तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायची. मी देवाला काय मागावं तेच मला कळेनासं झालं होतं. एका दुपारी ते सगळं थांबलं.

तिला उचलायच्या आधी मायने वाटीतलं पाणी तिच्या ओठांना लावलं, नेहमी निघताना पाजायची तसंच. मला धास्ती वाटली, की आता ही तिला "येस म्हन" म्हणेल, आणि ते मला सोसणार नाही.

मायने तिचे केस मागे सारले.

"जाय वं पोरी. आते परत येऊ नको."