कुकरसाठी विणलेला पट्टा

आमच्या घरात विजेवरचा प्रेशर कुकर आला तो माझ्या हट्टामुळे. सासूबाईंची बोटं संधिवाताने आखडली होती. त्यांना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. गॅसवरच्या कुकरचं झाकण आत्यांना लावता येईना, उघडता तर मुळीच येईना, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातून स्वयंपाक सुटला. मी उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला, सकाळी आठला घर सोडते. म्हणून दोघांचं दुपारचं जेवण सातलाच करून झाकून ठेवायची. वडगावातलं आमचं घर विणकरांचं. दुपारी एकला माग थांबवून वाफाळता भात खायचा, ही जन्माची सवय. आता त्याच वेळेला आत्या गार भात वाढायच्या आणि मुकाट जेवायच्या. तापवून घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "तापवून ताजं होतंय व्हय गं?" बास, एवढंच. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नव्या कुकरचं झाकण नुसतं फिरवलं की बसतं, बटण दाबलं की काम सुरू. आत्यांना ते लगेच जमलं. अडचण निघाली आत. खोल भांडं, तळाला पाणी, पाण्यात तिवई, तिवईवर वरणाचा डबा आणि त्याच्यावर भाताचा. शिजलेले कढत डबे बाहेर काढायचे कसे? सांडशी आत्यांच्या बोटांत ठरेना. पहिल्याच दिवशी भाताचा डबा निसटला, वरणात पडला आणि सगळं आतच उलटलं. आत्या शांतपणे म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे पोरी. चुलीपाशी माझं काय काम ऱ्हायलं न्हाय आता." मला रडू आलं आणि ते लपवायला मी उगाच कुकरवर चिडले.

डबे उचलायला पट्टे मिळतात, ते मी मोबाईलवर शोधून मामांना दाखवले. डब्यांच्या खालून घालायचा, दोन्ही टोकांना फासे. शिजताना टोकं भाताच्या डब्यावर दुमडून ठेवायची, मग फासे धरून वर ओढायचं. मामांनी चष्मा पुसून फोटो पाहिला. "विणकराच्या घरात पट्टा इकत आणायचा?" म्हणाले आणि मोबाईल मला परत दिला.

मागावर साडी निघते, दोन बोटं रुंद पट्टा नाही. मामांनी खिडकीच्या गजाला उभे धागे बांधले, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, आणि हातानेच विणायला बसले. तिसऱ्या दिवशी पट्टा तयार. डाळिंबी रंग, दोन्ही कडांना पिवळा काठ, मधे रुईफुलांची ओळ. एखाद्या नवरीच्या कमरेला शोभला असता.

"मामा, ह्यो कुकरात जाणार हाय," मी म्हटलं.

"म्हणून काय बिनकाठाचा द्यायचा?"

"रंग पक्का हाय न्हवं?" आत्यांनी हळूच विचारलं. मामांना तो प्रश्न झोंबला. "चाळीस वर्सं साड्या इणतोय मी," म्हणाले, आणि पुढे कोणी काही विचारलं नाही.

रविवारी सगळ्यांसमोर कुकर उघडला. भात गुलाबी झाला होता. तळाचं पाणी लालभडक आणि वर चिकट, कारण धागा तुटू नये म्हणून विणण्याआधी त्याला खळ लावतात, ती सगळी उकळून उतरली होती. चाळीस वर्षं साड्या विणल्या हे खरंच, पण साडी घरातून जाते ती न धुता. आपलं विणलेलं पाण्यात गेल्यावर काय होतं, हे बघायची वेळ मामांवर कधी आलीच नव्हती.

मामांनी वाकून डब्यात बघितलं. मग आत्या म्हणाल्या, "भाताला शालू नेसवलाय तुम्ही. आता मुंडावळ्या तेवढ्या बांधा." आणि हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मामा बिचारे चव बघायला चमचा घेऊन पुढे सरकले, तर "साकु आता, पुरे" म्हणत त्यांनी डबाच बाजूला ओढला. त्या दिवशी आम्ही भाकरी खाल्ली.

दुसरा पट्टा बिनरंगाच्या सुताचा. विणायच्या आधी सूत तीनदा उकळलं. काठ याही पट्ट्याला होता, पांढऱ्यावर पांढरा, बोट फिरवल्याशिवाय कळणार नाही असा. मी त्यावरून बोट फिरवलं आणि पट्टा आत्यांना दिला. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पण फासे धरायलाही बोटं लागतातच. आत्यांनी एकदा प्रयत्न केला आणि हात मागे घेतला. मी पुढे व्हायला निघाले. तेवढ्यात त्यांनी लाटणं उचललं, दोन्ही फाशांतून आरपार घातलं, दोन्ही बाजूंनी मुठी वळल्या आणि डबे सरळ वर उचलून ओट्यावर ठेवले. थेंब सांडला नाही. "इहिरीतनं घागरी काढल्यात मी," म्हणाल्या, "ह्ये तर डबं हायत." मला इतका आनंद झाला की मी त्यांना तशीच मिठी मारली, आणि "अगं वाफ हाय, भाजशील," म्हणून शिव्या खाल्ल्या.

रात्री त्यांनी मला बजावलं, "उद्यापासनं सकाळी आमचं करून ठेऊ नको. आमचं आम्ही बघतो." मी हो म्हटलं, पण सकाळभर ऑफिसात माझं लक्ष लागेना. पट्टा सरकला तर, लाटणं सुटलं तर, असं काहीबाही मनात येत राहिलं.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. आत्या. त्या मला कधीच फोन करत नाहीत. मी लगेच उचलला.

"जेवलीस काय गं?"

"न्हाय अजून. काय झालं आत्या?"

"काय व्हतंय? जेवाय बसलोय आम्ही. भात लई गरम हाय. तुज्या मामांची जीभ पोळली." मागे मामा काहीतरी पुटपुटत होते. "बरं, ठेवते. वाढायचं हाय मला."

मी फोन ठेवला आणि माझा डबा उघडला. सकाळी सातला केलेला भात, पार गारढोण. मी तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला आणि खाताना एकटीच हसत होते.