सात वेळा भरलेली गिटार

चहा घ्या आधी, मग सांगतो. माझी फजिती मीच सांगितलेली बरी. दुसरा कोणी सांगेल तर दोन गोष्टी वाढवून सांगेल, आणि खरं म्हणजे हिच्यात वाढवायला जागाच नाही.

मी चौथी शिकलो. त्यानंतर मोटार वायंडिंग शिकलो. पांढरकवड्याला माझं दुकान, मागं घर. विहिरीवरची मोटार जळली की माझ्याकडं यायची. जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारायचं, द्यायची. दुकानावर पाटी मीच रंगवली होती: 'आमची वायंडिंग परत येत नाही.' आणि येत नव्हती! पंचवीस वर्षांत एक नाही. हे मी भेटेल त्याला सांगायचो. आता सांगत नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. मोटार जळली तरी लोक म्हणत, "राहू द्या, पुढच्या साली पाहू." दुकानात मी आणि माझा स्टॅबिलायझर, दोघेच बसून. हा स्टॅबिलायझर म्हणजे माझ्या हातची पहिली वायंडिंग. बाकावरच्या फळीवर ठेवलेला. आमच्याकडं लाईट नेहमी कमी दाबाची, त्याच्याशिवाय दिवा पेटत नसे, डाग द्यायचा कैया तापत नसे. दर दसऱ्याला मी त्याला हार घालायचो.

अशात माझा भाचा मिलिंद आला. केळापूरचा. पस्तिशीचा माणूस, दोन लेकरांचा बाप, धंद्यानं सुतार, आणि गायन पार्टीत वाजवणारा. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

"मामाजी, गिटार केली."

पाहिली. अंग जुन्या दाराच्या सागवानी फळीचं. मान बैलगाडीच्या जुवाची. काम सफाईचं होतं, मी तसं बोललो नाही.

"मंग वाजव."

त्यानं वाजवली. डास गुणगुणला तेवढा आवाज आला.

"हिले पिकअप पायजे, मामाजी. तारांच्या खाली चुंबक, चुंबकाभोवती बारीक तारेचे फेरे. ते अॅम्प्लिफायरले जोडलं का आवाज मोठा होते."

"चुंबक आन् तार? बस? मंग थे मोटारच झाली ना!"

"मोटार नाही जी..."

"तू मले वायंडिंग शिकवतं का?"

तिथंच त्यानं गिटार उचलून परत न्यायला हवी होती.

त्याची अडचण खरी होती. केळापूरच्या जयंतीला दरवर्षी त्याचीच पार्टी गायची. त्या वर्षी बेंजोवाला कामाला सुरतेला निघून गेला. कमिटी म्हणाली, वाद्य नसेल तर यवतमाळहून ऑर्केस्ट्रा बोलावू. एकदा ऑर्केस्ट्रा आला की गावची पार्टी कायमची मंडपाबाहेर. पंधरा दिवसांनी अध्यक्ष स्वतः माझ्या दुकानात येऊन ऐकणार होते.

मी म्हणालो, "पंधरा दिवस कायले? दोन दिवसांत देतो."

भंगारातल्या मीटरची कॉईल सोडून केसापेक्षा बारीक तार काढली. फुटक्या भोंग्याचं चुंबक घेतलं. फेरे मोजून पहिला पिकअप भरला. पार्टीचा अॅम्प्लिफायर मिलिंदनं दुकानात आणून ठेवला होता. लाईटचा भरवसा नाही म्हणून ते लोक तो गाडीच्या बॅटरीवरच चालवत. गिटार जोडली. तार छेडायच्या आधीच आवाज सुरू.

घूंऽऽऽऽ.

मिलिंद म्हणाला, "हे काय वाजून राह्यलं?"

"फेरे कमी पडले," मी म्हणालो. पहिला पिकअप डब्यात फेकला आणि जास्त फेऱ्यांचा दुसरा भरला.

घूं वाढलं.

तिसरा भरला. तो तारांच्या अगदी जवळ नेऊन बसवला. मोटारीत फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांच्यात फट जितकी कमी तितकं चांगलं, हे मला पाठ. पण इथं चुंबकानं तारांनाच ओढून धरलं. सूर असा लागला की समोरचा पानठेलेवाला उठून आला.

"मामा, कोनी गेलं का?"

पिकअप पुन्हा खाली केला. मिलिंदनं गिटारीची मान थोडी मागं ताणली, तारांची उंची नखभर वाढवली, तारा मानेला घासून होणारी खडखड गेली. सूर सुधारला. घूं तसंच.

माझी बायको दारात येऊन म्हणाली, "अजी, मी काय म्हणतो, तो तुमचा..."

"वायंडिंगच्या कामात बोलू नको वं."

ती आत गेली.

चौथा. पाचवा. मिलिंद काकुळतीला आला. "मामाजी, केळापूरले नेऊन पाहू का एक डाव?"

"दोषाची वस्तू माझ्या दुकानाचा उंबरठा ओलांडत नाही. पाटी वाचली नाही का?"

"पन जयंती..."

"जयंतीच्या आधी देतो म्हटलं ना!"

सहाव्याला मी ठरवलं, दोष अर्थिंगचा. दुकानामागं कमरेइतका खड्डा खणला. मीठ, कोळसा, मधे लोखंडी पाइप, वरून पाणी. पंपाला करतात तसं पक्कं काम. त्या पाइपापासून जाड तार आत आणून गिटारीला बांधली. आता सांगा, गिटारीला अशी अर्थिंग कोणी केली असेल? बायकोनं पाहिलं आणि विचारलं, "खुट्याले बांधली ना? चारा टाकू का हिले?"

घूंऽऽऽऽ.

मी सातवा भरला. झोपेतही फेरे मोजत होतो म्हणे.

तुम्ही म्हणाल, लाईट नसताना एकदा तरी वाजवून पाहायची! लाईट गेली की कैया बंद, दिवा बंद. मी दुकानाचं दार लोटून आडवा व्हायचो. तास दोन तास. तेव्हा गिटारीला हात लावायचा कोणाचा धीर?

अध्यक्ष आले. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, सोबत दोन जण. बसले. मिलिंदनं गिटार मांडीवर घेतली. मी म्हणालो, "ऐका."

घूंऽऽऽऽ. त्यात मिलिंदनं गाण्याची एक ओळ वाजवली. ओळ कुठं होती ते त्यालाच माहीत.

अध्यक्ष म्हणाले, "मिलिंदभाऊ, हे तं पिठाच्या गिरनीवानी वाजून राह्यलं. मंडपात लोक डबे घेऊन येतीन."

सोबतचे हसले. मिलिंद हसला नाही. त्यानं गिटार मांडीवरून उतरवायला घेतली, आणि लाईट गेली.

घूं बंद! एकदम. जणू कोणी त्याचा गळा धरला.

मिलिंदनं घाबरत तार छेडली. स्वच्छ, मोकळा सूर निघाला. जरा जड, पण सूर.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "अरे बाप्पा! हे बरं हाये."

मी छाती पुढं केली. "मी सांगतच होतो. वायंडिंगमध्ये दोष नाही. इथली लाईनच खराब."

"पन मामाजी," मिलिंद हळूच म्हणाला, "अॅम्प्लिफायर तं बॅटरीवर हाये. लाईनचा काय संबंध?"

तेवढ्यात लाईट आली.

घूंऽऽऽऽ.

बायको चहाचा ट्रे घेऊन आली. कप ठेवले. कोणाकडं न पाहता ती फळीपाशी गेली, हार बाजूला केला, आणि माझ्या स्टॅबिलायझरचं बटन खट्कन बंद केलं.

शांतता. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलीची साखळी ऐकू आली.

"पंचवीस वर्षांपासून तो माह्या डोक्यापाशी भिंतीपलीकडं घुमून राह्यला," ती म्हणाली. "पंधरा दिवसांपासून सांगाले येतो. ऐकते कोन?"

माझी पहिली वायंडिंग! ढिली भरलेली. ती घुमत होती, तिचं चुंबकत्व वीतभर अंतरावरचा पिकअप उचलत होता आणि अॅम्प्लिफायर ते गावाला ऐकवत होता. मला मात्र तो आवाज ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं.

मिलिंद डब्यात काहीतरी शोधत होता. त्यानं पहिला पिकअप काढला, फुंकर मारली. "मामाजी, हा लावून पाहू?"

मी मान डोलावली.

लावला. सातही पिकअपांत तोच गोड. बाकीचे सहा मी जास्त फेरे भरून भरून जड करून ठेवले होते. अध्यक्षांनी चहा संपवला आणि म्हणाले, "ऑर्केस्ट्रा राहू द्या. पार्टी आपलीच."

जयंतीला मी पुढं बसलो. गिटार छान वाजली. मिलिंदनं माईकवर सांगितलं, "हा पिकअप माह्या मामाजीनं सात डाव भरला, आन् पयलाच लागला." मंडप हसला. मी हसलो नाही. पण उठूनही गेलो नाही.

अर्थिंगच्या पाइपाला आता बायको शेळी बांधते. पक्कं काम आहे, हलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रॉकेलचा बोळा घेऊन शिडीवर चढलो आणि पाटी पुसायला लागलो. खालून बायको म्हणाली, "पुसता काहून?"

"खोटी निंघाली. माही पयलीच वायंडिंग ढिली."

"खोटी कायची? खरीच हाये. परत याले आधी घरातून बाहेर जा लागते."

मी खाली उतरलो. पाटी अजून तशीच आहे.