बिनभोकाची पेटी

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या दूध संस्थेनं शिरूर कासारजवळ जनावरांची छावणी उघडली. बोअरवर सौरपंपच बसवा, असा हट्ट मी धरला. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो, त्यामुळे माझं म्हणणं कोणी खोडलं नाही. चुलतीला तर मी शब्दच दिला होता, "ऊन जेवढं कडक, तेवढं पानी लई." त्या शब्दावर ती गाभण गाय बाजारात न नेता छावणीत घेऊन आली.

तिसऱ्या दिवशीही भर दुपारी पंप बंद पडला. हौद कोरडा, टँकरचा पत्ता नाही. चुलतीनं गाईचं दावं सोडलं.

"आज बाजार हाय. पानी न्हाई तर काहून थांबू?"

मला तिचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली.

पंपाचा कंट्रोलर पत्र्याच्या पेटीत होता. चोरीच्या भीतीनं ती पेटी मीच करून घेतली होती, एक भोकही न ठेवता. पत्र्याला हात लावला तर चटका बसला, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. दरवर्षी फळ्यावर मी हेच लिहीत होतो. कंट्रोलरच्या स्विचांत असतो तसा अशुद्धी मिसळलेला अर्धवाहक तापला की त्यातले अणू जोरात थरथरतात. त्यांच्यामुळे इलेक्ट्रॉन पुन्हा पुन्हा दिशा गमावतात आणि त्यांचा पुढे जायचा जोर मोडतो. त्यानं रोध वाढतो, रोधानं उष्णता वाढते, की पुन्हा रोध. शेवटी कंट्रोलर स्वतःला वाचवायला पंपच बंद करतो.

किल्ली चेअरमनकडे आणि चेअरमन परळीला. सचिव म्हणाला, "ठरावाबिगर कुलूप तोडता येत न्हाई, सर." त्याच्याशी भांडत बसायला वेळ नव्हता.

ओलं पोतं टाकून पेटी थंड करता आली असती. पण पाणी उरलं होतं ते चुलतीच्या बादलीत, गाईसाठी राखलेलं.

"काकू, ती बादली देतीस का?" मी विचारलं.

तिनं पोतं बुडवलं, पिळलं, पेटीवर पसरलं. वाळलं की पुन्हा बुडवलं. गाय बादलीकडे मान ओढत होती. बादली संपली. पंप नाही चालला तर गाईला काय पाजायचं, हे मला माहीत नव्हतं.

पाइपातून आधी नुसती हवा आली. मग पाणी आलं. गाय हौदात तोंड घालून कितीतरी वेळ पीत राहिली.

"काय झाल्तं रं?" चुलतीनं विचारलं.

"पेटी तापल्ती. तिला सावली पायजे, वारा पायजे."

ती गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "उन्हात कुनाला कोंडू न्हाई, ह्ये मला कुनी शिकवलं न्हाई. तुला तर त्येचा पगार हाय."